शाळेमागचा काळा डोंगर

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या मागे काय आहे? कुणाच्या शाळेमागे मैदान असेल, कुणाच्या मागे रेल्वेचे रूळ असतील, तर कुणाच्या मागे उसाचं शेत. आज मी तुम्हांला अशा एका गावाला घेऊन जाणार आहे, की जिथं शाळेच्या मागे एक काळा डोंगर होता. निसर्गानं केलेला नव्हे, माणसांनी केलेला! पन्नास वर्षं तो थोडा थोडा वाढत होता, आणि सगळं गाव त्याच्याकडे बघत होतं.

हे गाव वेल्समधलं. नकाशात इंग्लंड शोधा आणि त्याच्या डाव्या अंगाला बघा, समुद्रात घुसलेला एक डोंगराळ तुकडा दिसेल. तोच वेल्स. त्याची राजधानी कार्डिफ. माझी धाकटी बहीण तिथं डॉक्टर आहे. ऑक्टोबर संपता संपता मी तिच्याकडे गेले, तेव्हा माझ्या दहा वर्षांच्या भाचीला सुट्टी लागली होती. आपल्याकडे दिवाळीची सुट्टी असते ना, तशी तिकडे सत्राच्या मध्यावर आठवडाभराची सुट्टी असते.

"मावशी, तुला किल्ला दाखवू की समुद्र?" भाचीनं विचारलं.

"मला कोळशाची खोरी बघायचीयत," मी म्हटलं.

ती हसायलाच लागली. "अगं, तिथं आता काहीच नाही! सगळ्या खाणी बंद झाल्या."

"असू दे. मी चंद्रपूरकडची. कोळसा म्हणजे आमच्या घरचाच."

हे मी गमतीनं म्हटलं, पण ते खोटं नव्हतं. आमच्या गावापासून मैलभरावर कोळशाची उघडी खाण होती. अशा खाणीत कोळशापर्यंत पोचण्यासाठी वरची माती आणि दगड आधी उकरून बाजूला टाकतात. टाकता टाकता त्याचे डोंगर होतात. पावसाळ्यात त्यांच्यावर गवतही उगवतं. लहानपणी आम्ही पोरं रिकामी पोती घेऊन तिथं घसरगुंडी खेळायचो. एक दिवस वडिलांना कळलं आणि पाठीत सणसणीत धपाटा बसला. "अगं, तो डोंगर नाही, ढीग आहे," ते म्हणाले. "डोंगर बसलेला असतो. ढीग अजून बसायचा असतो!"

तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नव्हता. तो कळायला मला वेल्सला जावं लागलं.

एक शिलिंग सव्वा पेनी

सकाळी बहिणीनं गाडी काढली. कार्डिफ मागे पडलं, तसे दोन्ही बाजूंना हिरवे डोंगर उभे राहिले. मध्ये अरुंद खोरं, खोऱ्यातून वाहणारी नदी, नदीकाठी रेल्वे आणि डोंगराच्या उतारावर एकमेकांना चिकटलेल्या घरांच्या लांबच लांब रांगा. ही घरं खाणकामगारांची.

शंभर वर्षांपूर्वी या खोऱ्यांचा जगभर दबदबा होता. इथला कोळसा कमी धूर करून भरपूर उष्णता देई. त्यामुळे जहाजांना तोच हवा असे. आपल्या मुंबई बंदरातही हा वेल्सचा कोळसा उतरत असे. एकट्या १९१३ साली दक्षिण वेल्समधून जवळजवळ ५ कोटी ७० लाख टन कोळसा निघाला. तेवढा पुन्हा कधीच निघाला नाही.

पण त्याच १९१३ सालाची आणखी एक आठवण आहे. ती बघायला आम्ही आधी सेंगहेनिद या लहानशा गावी थांबलो. तिथं एक पुतळा आहे. बचाव पथकातला माणूस जखमी खाणकामगाराला आधार देऊन उभा आहे. भोवती भिंत, आणि भिंतीवरच्या फरशांवर नावंच नावं.

भाची नावं वाचत पुढे जात होती. एका फरशीपाशी थबकून म्हणाली, "आई, हा तर चौदा वर्षांचा होता! आमच्या शेजारच्या दादाएवढा."

१४ ऑक्टोबर १९१३ च्या सकाळी इथल्या खाणीत साडेनऊशेच्या आसपास माणसं काम करत होती. आठ वाजून गेले आणि प्रचंड स्फोट झाला. कोळशाच्या थरांत मिथेन नावाचा वायू कोंडलेला असतो. त्याला रंग नाही, वास नाही, पण ठिणगी मिळाली की तो पेट घेतो. त्याच्या धक्क्यानं जमिनीवरची कोळशाची बारीक पूड हवेत उडते आणि मग ती पूडही पेटते! तुम्ही म्हणाल, पूड कशी पेटेल? चुलीत चिमूटभर पीठ उधळलं तर कसा भडका उडतो, ते आजीला विचारा. (फक्त विचारा हं, करून बघू नका!) बोगद्याबोगद्यांतून आग धावत गेली. ४३९ खाणकामगार आणि त्यांना वाचवायला गेलेला एकजण, असे ४४० जीव गेले. ब्रिटनच्या इतिहासातली ही सगळ्यांत मोठी खाण दुर्घटना.

आता नीट ऐका. याच खाणीत १९०१ सालीही स्फोट झाला होता आणि ८१ माणसं गेली होती. म्हणजे या खाणीत वायू आणि पूड यांचा धोका आहे, हे मालकांना ठाऊक होतं. पुढे १९११ साली कायदा झाला. खाणीत हवा खेळवणारा जो मोठा पंखा असतो, त्याची दिशा गरज पडताच उलटी करता आली पाहिजे, असं त्यात सांगितलं होतं. का? तर आतल्या माणसांच्या दिशेनं जाणारा धूर उलट फिरवता यावा. त्यासाठी आधी १ जानेवारी १९१३ ची मुदत होती. ती वाढवून सप्टेंबरअखेरपर्यंत नेली. तीही उलटली. पंखा काही बदलला गेला नाही, आणि ऑक्टोबरात स्फोट झाला.

पुढे खटला झाला. खाणीच्या व्यवस्थापकाला २४ पौंड दंड झाला आणि कंपनीला १० पौंड. तिथल्या वर्तमानपत्रानं हिशेब मांडला. एका माणसाच्या जिवाची किंमत किती झाली? एक शिलिंग आणि सव्वा पेनी!

"पंखा बदलायला त्यापेक्षा जास्त पैसे लागले असते ना?" भाचीनं विचारलं.

"खूप जास्त," बहीण म्हणाली.

"मग त्यांना दंड भरणंच परवडलं!"

मित्रांनो, दहा वर्षांच्या पोरीनं जे ओळखलं ते त्या वेळच्या न्यायालयाच्या लक्षात कसं आलं नसेल? सुरक्षेला रुपया लागतो आणि बेपर्वाईला चार आणे, असा बाजार असला की काही मालक चार आणेच निवडतात. हे आपण लक्षात ठेवायचं, कारण पुढची गोष्ट इथूनच सुरू होते.

ढिगाऱ्याखालचा झरा

तिथून आम्ही शेजारच्या टॅफ नदीच्या खोऱ्यात गेलो. तिथलं गाव अ‍ॅबरव्हॅन. वेल्श भाषा मोठी गमतीची आहे. लिहिताना 'एफ' अक्षर असतं आणि उच्चार मात्र 'व्ह' करायचा! नदीच्या एका काठाला मर्थर व्हेलची कोळसा खाण होती आणि दुसऱ्या काठाला हे गाव. खाण १९८९ साली बंद झाली. आज तिथं तिची काही खूणही राहिलेली नाही.

ब्रिटनमधल्या खाणी १ जानेवारी १९४७ ला सरकारच्या ताब्यात आल्या. त्या चालवण्यासाठी राष्ट्रीय कोळसा मंडळ स्थापन झालं. त्या दिवशी खाणीखाणीवर पाट्या लागल्या. आता ही खाण जनतेच्या वतीनं चालवली जाईल, असं त्यांवर लिहिलं होतं. कामगारांनी आनंद केला. सेंगहेनिदसारखे खासगी मालक गेले, आता खाण आपलीच! त्यांना असं वाटणं अगदी साहजिक होतं.

खाणीतून नुसता कोळसा येत नाही, त्याच्याबरोबर दगड, माती आणि राख येते. कोळसा धुतल्यावर उरलेला बारीक, काळा गाळही येतो. हे सगळं टाकायचं कुठं? खोरं अरुंद, खाली जागा नाही. म्हणून गावाच्या वरच्या डोंगरावर नेऊन टाकायचं. असे एकूण सात ढिगारे झाले. सातवा ढिगारा १९५८ साली सुरू झाला, आणि तो होता गावातल्या पँटग्लास शाळेच्या बरोबर वरच्या बाजूला.

त्याची जागा कशी ठरली माहीत आहे? दोन अधिकारी डोंगरावर चालत गेले, इकडे तिकडे बघितलं आणि ठरवलं. जमीन खोदून तपासली नाही, की नकाशा उघडून पाहिला नाही. पाहिला असता तर त्यात त्या उतारावरचे झरे आणि ओहोळ स्पष्ट दिसले असते. गावातल्या पोरांनाही ते ठाऊक होते. सातवा ढिगारा थेट पाण्यावरच रचला गेला!

पाण्यानं काय होतं? समुद्राच्या काठावर ओल्या वाळूत उभं राहून पाय नाचवून बघा. घट्ट वाटणारी वाळू एकदम मऊ पडते आणि पाय आत जातो. कणांच्या मध्ये पाणी शिरलं की कण एकमेकांना धरून ठेवत नाहीत. मग मातीही पाण्यासारखी वाहू लागते. माझ्या वडिलांचं बोलणं आठवतंय ना? ढीग अजून बसायचा असतो. आणि खालून झऱ्याचं पाणी मुरत असेल, तर तो बसण्याऐवजी निघतो!

हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं असंही नाही. १९६३ साली नगरपालिकेच्या अभियंत्यानं एक पत्र लिहिलं. त्याचा विषयच होता, 'पँटग्लास शाळांच्या मागे टाकल्या जाणाऱ्या कोळशाच्या गाळाचा धोका'. विषय वाचला तरी पुरे, आतलं पत्र वाचायचीही गरज नाही! १९६४ साली नगरपालिकेच्या एक सदस्या बैठकीत म्हणाल्या, की हा ढिगारा हलला तर सगळी शाळा धोक्यात येईल. १९६५ साली शाळेतल्या मुलांच्या आयांनी सह्या गोळा करून अर्ज दिला. डोंगरावरून वाहून येणारं काळं पाणी शाळेजवळ साचतं, काहीतरी करा, असं त्यांचं म्हणणं होतं. मुख्याध्यापिकाबाईंनी तो अर्ज पुढे पाठवला.

त्याच्याही आधी, १९३९ साली, याच खोऱ्यात काही मैलांवर एक ढिगारा घसरून रस्त्यावर आला होता. ढिगारे का घसरतात आणि काय काळजी घ्यावी, याचं एक टिपण तेव्हा तयार झालं होतं. पुढे खाणी मंडळाच्या झाल्या आणि टिपण कपाटात गेलं. १९६५ साली दुसरीकडे एक ढिगारा घसरला तेव्हा ते पुन्हा बाहेर काढून वाटण्यात आलं. तरीही सातव्या ढिगाऱ्यावर डबे रिकामे होतच राहिले.

सव्वानऊ वाजता

२१ ऑक्टोबर १९६६. शुक्रवार. दुपारी बारा वाजता पँटग्लास शाळेला आठवड्याची सुट्टी लागणार होती. हो, माझ्या भाचीला लागली होती तीच सुट्टी! मुलं खुशीत होती. खोऱ्यात दाट धुकं होतं.

वर डोंगरावर मात्र लख्ख ऊन पडलं होतं. साडेसातला कामगार ढिगाऱ्यावर पोचले तर माथा तीन मीटर खचलेला आणि रुळांचा तुकडा खड्ड्यात पडलेला. तीन आठवडे सतत पाऊस झाला होता. वर टेलिफोन चालत नव्हता, म्हणून एक माणूस चालत खाली सांगायला गेला. आज इथं काही टाकायचं नाही, असं ठरलं. खालचं गाव धुक्यात होतं, वरून दिसतच नव्हतं.

सव्वानऊला ढिगारा निघाला. एक लाखाहून जास्त घनमीटर काळा चिखल, दुमजली घराएवढी लाट करून, डोंगरावरून खाली आला. वाटेतलं एक शेतघर त्यानं गिळलं आणि तो शाळेवर आणि शेजारच्या घरांवर आदळला. वर्गात नुकती हजेरी घेतली जात होती.

१४४ माणसं गेली. त्यांतली ११६ मुलं होती. बहुतेक सात ते दहा वर्षांची.

पुढे काय झालं ते मी थोडक्यात सांगते. मुलांच्या आया आधी पोचल्या आणि हातांनी चिखल उपसू लागल्या. खाणीतून त्यांचे वडील धावत वर आले. जमिनीखाली अडकलेल्या माणसाला कसं काढायचं हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? मध्येच कुणीतरी शिट्टी वाजवी. मग सगळे काम थांबवत, श्वास रोखत, आतून आवाज येतो का ते ऐकत. अकरा वाजल्यानंतर कुणीही जिवंत सापडलं नाही. शाळेत जेवणाचे पैसे गोळा करणाऱ्या एक बाई होत्या. लाट येताच त्यांनी पाच मुलांना आपल्या अंगाखाली घेतलं. ती पाचही मुलं वाचली. बाई गेल्या.

शाळा होती तिथं आज बाग आहे. आम्ही गेलो तेव्हा एक म्हातारे गृहस्थ बाकावर बसले होते. त्यांनी भाचीकडे बघून नुसती मान हलवली. तीही काही बोलली नाही. मग आम्ही वर दफनभूमीत गेलो. तिथं डोंगराच्या उतारावर पांढऱ्या कमानींच्या दोन लांब रांगा आहेत. खोऱ्याच्या पलीकडूनही त्या दिसतात. भाची एकेक कमान मोजत गेली. अर्ध्यावर तिनं मोजणं सोडून दिलं आणि आईचा हात धरला.

दोष कुणाचा?

आता तुम्ही विचाराल, याचा दोष कुणाचा? पावसाचा? झऱ्याचा?

कोळसा मंडळाचे अध्यक्ष लॉर्ड रोबेन्स अगदी असंच म्हणाले. त्या शुक्रवारी ते एका विद्यापीठातल्या आधी ठरलेल्या समारंभाला गेले आणि अ‍ॅबरव्हॅनला दुसऱ्या दिवशी पोचले. ढिगाऱ्याखाली झरा आहे हे कुणाला माहीत असणं शक्य नव्हतं, असं त्यांनी सांगितलं. गावकरी थक्क झाले. त्यांच्या ओळखीचा झरा अध्यक्षांच्या लेखी अस्तित्वातच नव्हता!

न्यायमूर्ती एडमंड डेव्हिस यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी बसली. ते याच भागात वाढलेले. ७६ दिवस काम चाललं, १३६ साक्षीदार झाले. मंडळाचे वकील बराच काळ दोष मान्य करायला तयार नव्हते. अहवाल ऑगस्ट १९६७ मध्ये आला आणि त्यानं दोष सरळ कोळसा मंडळावर ठेवला. कुणीही मुद्दाम दुष्टपणा केला नव्हता, असं त्यात म्हटलं होतं. पण ज्यांना त्या कामाचं ज्ञान नाही त्यांच्याकडे काम सोपवलं होतं. सूचना मिळूनही कुणी कान दिला नव्हता. आणि ढिगारे कुठे, कसे रचावेत याबद्दल वरून काही धोरणच नव्हतं.

माझ्या मते या अहवालातली सगळ्यांत भीतीदायक गोष्ट हीच आहे. दुष्ट माणूस असला तर त्याला पकडता येतं. पण इथं प्रत्येकाला वाटत होतं, हे माझं काम नाही, ते दुसऱ्या खात्याचं आहे. अभियंत्याचं पत्र एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात राहिलं. आणि जी मुलं त्या ढिगाऱ्याखाली बसून पाढे म्हणत होती, त्यांचं टेबल कुठेच नव्हतं.

मग शिक्षा काय झाली? अहवालात मंडळाच्या नऊ जणांची नावं होती. त्यांच्यातल्या एकाचीही नोकरी गेली नाही. रोबेन्स यांनी राजीनामा देऊ केला, तो स्वीकारला गेला नाही. मंडळानं प्रत्येक मुलामागे ५०० पौंड भरपाई दिली. सेंगहेनिदचा तो एक शिलिंग सव्वा पेनी आठवला ना? मालक बदलला होता. पाटीवर जनतेचं नाव आलं होतं. पण हिशेब करायची रीत तीच राहिली होती.

आणखी ऐका. अ‍ॅबरव्हॅनसाठी जगभरातून लोकांनी पैसे पाठवले. साडेसतरा लाख पौंडांच्या घरात रक्कम जमली. डोंगरावरचे उरलेले ढिगारे हटवा, असं गावकरी म्हणत होते. ते रोज डोळ्यांसमोर दिसत असताना मुलांना शाळेत कसं पाठवायचं? मंडळ सगळा खर्च करायला तयार होईना. शेवटी १९६८ साली त्या मदतनिधीतूनच दीड लाख पौंड घेतले गेले! ज्यांची मुलं गेली, त्यांच्यासाठी आलेल्या पैशांतून ढिगारे उचलले गेले. ती रक्कम सरकारनं १९९७ साली परत केली, तीही व्याजाशिवाय. २००७ साली वेल्सच्या सरकारनं आणखी वीस लाख पौंड दिले. चूक सुधारायला चाळीस वर्षं लागली.

पण मित्रांनो, गावकरी चाळीस वर्षं गप्प बसले नाहीत, म्हणूनच ती सुधारली. ढिगाऱ्यांबद्दलचा कायदा १९६९ साली झाला. आणि १९७४ साली ब्रिटनमध्ये कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेचा मोठा कायदा आला. मालकानं आपल्या कामगारांचीच नव्हे, तर त्याच्या कामामुळे ज्यांना धोका होऊ शकतो अशा बाहेरच्या माणसांचीही काळजी घेतली पाहिजे, असं त्यात आहे. म्हणजे शाळेतल्या मुलांचीही! गंमत बघा, या कायद्याचा पाया घालणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते तेच लॉर्ड रोबेन्स.

मग आता सगळं ठीक झालं? तसं नाही. खाणी बंद झाल्या, पण ढिगारे राहिलेच. फेब्रुवारी २०२० मध्ये मोठ्या वादळी पावसात टायलर्सटाउन इथं एक जुना ढिगारा घसरला. नशिबानं कुणालाही इजा झाली नाही. त्यानंतर सगळ्या वेल्समध्ये मोजणी झाली, तर अडीच हजारांहून जास्त ढिगारे निघाले! आता त्यांची पाहणी होते, आणि २०२५ साली वेल्सनं त्यांच्यासाठी वेगळा कायदाही केला.

आपल्या घरची गोष्ट

तुम्ही म्हणाल, मावशी कुठली कुठली लांबची गोष्ट सांगतेय. तर आपल्याकडचीही ऐका. धनबादजवळच्या चासनाला इथल्या खाणीत २७ डिसेंबर १९७५ रोजी जुन्या, सोडून दिलेल्या खाणीत साठलेलं पाणी फुटून आत घुसलं. ३७५ कामगार गेले. तिथंही पाणी काही त्या दिवशी आकाशातून पडलेलं नव्हतं. ते शेजारी साठून बसलेलं होतं.

वेल्समध्ये आग, झरा आणि चिखल. चासनालाला पाणी. कारणं वेगवेगळी दिसतात, पण प्रश्न एकच आहे. धोका समोर असतो. कुणाला तरी तो दिसलेला असतो. ज्याच्या हातात काम थांबवण्याचा अधिकार आहे, तो ऐकतो का? कारखाना असो, खाण असो, की नवी इमारत असो, जो त्यातून नफा घेतो किंवा ज्याच्या हुकमावर ते काम चालतं, त्यानंच आधी विचारलं पाहिजे, 'याच्याखाली कोण राहतं?' कामगाराचं डोळे उघडे ठेवणं त्याच्या कामाचाच भाग आहे. पण सातव्या ढिगाऱ्यावरच्या कामगारांनी डोळे उघडे ठेवलेच होते. त्यांच्या हाती नकाशा नव्हता आणि जवळ टेलिफोनही नव्हता. ते देणं कुणाचं काम होतं?

परतताना अंधार पडला. खोऱ्यातले दिवे लागले. मागच्या सीटवर भाची बराच वेळ गप्प होती. मला वाटलं, झोपली.

"मावशी," ती एकदम म्हणाली, "तू ज्या ढिगावर घसरगुंडी खेळायचीस, त्याच्याखाली झरा आहे का गं?"

काय सांगू? मी त्या गावात वाढले. त्या ढिगावरून शेकडो वेळा घसरले. त्याच्या पायथ्याशी आता नवी वस्ती झाली आहे, अंगणवाडीही आहे. पण तिच्या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही.

रात्री मी गावाकडे दादाला फोन लावला. आपल्याकडे पहाट होत होती. "काय गं, एवढ्या सकाळी?" तो घाबरून म्हणाला. मी त्याला भाचीचा प्रश्न सांगितला. तो थोडा वेळ काही बोललाच नाही.

"पूर्वी तिथून एक ओहोळ वाहायचा," तो हळूच म्हणाला. "बाबा सांगायचे. आता तो कुठे गेला कुणास ठाऊक."

"मग विचार ना!"

"विचारतो. पुढच्या ग्रामसभेत विचारतो. आणि नुसतं तोंडी नाही, लेखी देतो."

"लेखी दे," मी म्हटलं, "पण पत्र देऊन थांबू नकोस दादा. उत्तर येईपर्यंत विचारत राहा."